ॲपवरच्या क्विझचा उत्साह तीन आठवड्यांत ओसरतो. संभाषण वर्गातल्या मुलांना इंग्रजी बोलतं कसं ठेवायचं?

सायंवर्ग_सातपूर:

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूरला संध्याकाळी साडेसहा ते आठ असा इंग्रजी संभाषणाचा वर्ग आहे, आठवड्यातून तीन दिवस. मुलंमुली मिळून ३४. बहुतेकांचं बारावी किंवा आयटीआय मराठी माध्यमातून झालेलं. काही जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिली पाळी करून येतात, काही दिंडोरी-पेठकडून शहरात खोली घेऊन राहणारे. हाताशी एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. स्वतःचा फोन असलेले २५-२६ जण, बाकीच्यांना घरातला फोन रात्री मिळतो.

अडचणी तीन आहेत. एक, गुणांची ऑनलाइन क्विझ. पहिले दोन-तीन आठवडे वर्ग डोक्यावर घेतात. मग तीच पाच नावं वरती दिसायला लागतात आणि बाकीचे काहीही दाबून मोकळे होतात. दोन, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक मिनिट इंग्रजीत बोलून पाठवायला सांगितलं आहे. आठ-नऊ जण पाठवतात, मुली तर जवळपास नाहीतच. तीन, लिहून आणायला सांगितलं की चॅटजीपीटीचा उतारा येतो आणि तोच वाचून दाखवतात.

नवीन ॲपची नावं नकोत, ती भरपूर मिळतात. उत्साह नेमका कुठे आणि का गळतो, आणि आहे त्या सामानात आठवड्याची घडी कशी बसवायची, हे जाणकारांकडून हवं आहे.

---

खडूफळा:

मॅडम, गळती गुणफलकापासूनच सुरू होते, म्हणून आधी तिथे पाहू. कहूट या क्विझच्या ॲपमध्ये बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण असतात आणि वेळ जाईल तसे ते कमी होतात. प्रश्न २० सेकंदांचा असेल तर दोन सेकंदांत बरोबर उत्तर देणाऱ्याला ९५० मिळतात, १६ सेकंद घेणाऱ्याला ६००. दोघांचंही उत्तर बरोबर, फरक फक्त वाचायच्या वेगाचा. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी प्रश्न आणि चार पर्याय वाचायलाच दहा-बारा सेकंद लागतात. आपण कितीही बरोबर असलो तरी नाव वर येत नाही, हे त्याला चार खेळांत कळतं. त्यानंतर काहीही दाबणं हा त्याच्या बाजूने अगदी बरोबर हिशेब आहे.

दुसरं कारण बक्षिसाच्या स्वभावात आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग शिक्षकांना माहीत असायलाच हवा. आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळेत त्याच मुलांनी चित्रकलेत कमी वेळ घालवला. ज्यांना काही न सांगता, शेवटी अचानक प्रमाणपत्र दिलं, त्यांच्यात ही घट दिसली नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी पुढे मांडलेल्या सिद्धांतात माणसाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत: निवड आपली असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि सोबतच्यांशी जोडलेलं असणं. वेगाचा गुणफलक वर्गातल्या पाच जणांची मधली गरज भागवतो आणि उरलेल्या २९ जणांची तीच गरज मोडतो.

क्विझ बंद करू नका, तिची रचना बदला. वेळ ६० ते ९० सेकंद ठेवा, म्हणजे वाचायला पुरते. तिघांत एक फोन असे ११ गट करा, एका गटात चौघे येतील. फोन नसलेल्यांचा प्रश्नही यातच सुटतो. मात्र फोन दर प्रश्नाला पुढच्या हातात गेला पाहिजे, नाहीतर हुशार मूल एकटंच खेळतं आणि बाकीचे दोघे प्रेक्षक होतात. प्रश्न दहाच्या वर नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेच दहा प्रश्न सात दिवसांनी, क्रम बदलून, पुन्हा घ्या. मागची संख्या प्रत्येक गटाच्या वहीत असते आणि तुलना तिच्याशीच होते. फळ्यावर गटांची नावं लिहू नका, प्रश्न लिहा: 'प्रश्न ७ : मागच्या वेळी ३ गट बरोबर, आज ८.' आपण सगळे पुढे सरकलो हे त्या एका ओळीत दिसतं. आठवड्यातून एकदा, बारा मिनिटं. यापेक्षा जास्त वेळ क्विझला देण्याइतकी ती मोलाची नाही, कारण तिथे मुलं ओळखतात, बोलत नाहीत.

---

पेठरोड_इंग्रजी:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. हॉटस्पॉटवर ११ फोन अडखळत असतील तर प्लिकर्स पाहा. त्यात मुलांकडे फोन लागतच नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड द्यायचं, त्यावर चौकोनी काळी आकृती असते. कार्ड ज्या बाजूने वर धरलं त्यावर अ, ब, क, ड ठरतं. तुम्ही तुमच्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून हळू फिरवायचा, उत्तरं नावानिशी नोंदली जातात. ४० कार्डांचा संच संकेतस्थळावरून मोफत उतरवून छापता येतो. तुमच्या ३४ जणांना पुरून सहा उरतात.

बिघडतं कुठे ते सांगतो. चकचकीत लॅमिनेशन केलं की ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. म्हणून जाड साधा कागद घ्या किंवा पुठ्ठ्यावर चिकटवा. बोटं काळ्या भागावर आली तरी वाचलं जात नाही, कार्ड कडेला धरायला शिकवा. मागच्या बाकावरची कार्डं पुढच्यांच्या डोक्याआड जातात, म्हणून मागच्या दोन रांगांनी उभं राहायचं. अक्षरं कार्डावर बारीक छापलेली असतात आणि प्रत्येकाची आकृती वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उत्तर देता येत नाही. लाजऱ्या मुलांसाठी हीच यातली खरी सोय आहे. चुकलं तरी वर्गाला कळत नाही.

मोफत खात्यात एका संचात पाच प्रश्न बसतात. पाच पुरेत, पण ते नेमके हवेत. चुकीचे पर्याय मनाने लिहू नका, मराठीतून येणाऱ्या चुकाच पर्याय म्हणून ठेवा. 'तो गेला नाही' यात भूतकाळ 'गेला'मध्येच राहतो, म्हणून मुलं 'ही डिड नॉट वेंट' म्हणतात. 'तू काय करतोयस?' यात प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलत नाही, म्हणून 'व्हॉट यू आर डुइंग?' येतं. 'मला दोन भाऊ आहेत' याचं 'टू ब्रदर्स आर टू मी' होतं. मराठीत उपपद नाही, त्यामुळे 'आय बॉट फोन' हे त्यांच्या कानाला पूर्ण वाक्य वाटतं. हे पर्याय ठेवले की कोणाचं डोकं कुठे मराठीत चालतंय ते पाच मिनिटांत दिसतं.

पहिल्या फेरीत बरोबर उत्तर दाखवू नका. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची पद्धत इथे जशीच्या तशी लागू होते. ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर शेजाऱ्याला दोन मिनिटं पटवून द्यायला सांगायचं आणि पुन्हा कार्डं वर करायची. त्याहून कमी बरोबर असतील तर चर्चा व्यर्थ, सरळ शिकवा. त्याहून जास्त असतील तर पुढे चला. पटवून देणं सुरुवातीला मराठीत झालं तरी चालेल. नियम नीट समजलेला मुलगाच पुढे तो इंग्रजीत वापरतो.

---

ध्वनिमुद्रा:

मी फक्त व्हॉइस मेसेजबद्दल लिहितो, कारण संभाषण वर्गाचा प्राण तिथे आहे आणि तुमच्याकडे नेमकं तेच अडलं आहे.

मुली का पाठवत नाहीत? व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि तिचा चुकीचा इंग्रजी आवाज ३३ जणांच्या फोनमध्ये कायमचा राहतो. तो पुढे पाठवून कोणी हसूही शकतं. इतकी किंमत मोजून कोण बोलेल? ग्रुप बंद करा. त्याऐवजी कम्युनिटी करून तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना घ्या. तिथे फक्त ॲडमिन लिहू शकतो आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टही चालते, मात्र ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. निम्म्या वर्गाला सूचना मिळत नाहीत अशी तक्रार येते ती बहुधा यामुळेच. आवाज मात्र मुलांनी थेट तुम्हालाच पाठवायचा.

आता बोलायचं काय आणि कसं. 'रोज एक मिनिट बोला' ही सूचना फार मोकळी आहे. विषय शोधण्यातच दम संपतो. भाषा शिक्षणात चार-तीन-दोन नावाची जुनी रीत आहे: तीच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगायची, मग तीन, मग दोन, दर वेळी नवीन श्रोत्याला. मजकूर तोच राहतो, त्यामुळे डोक्यावरचा भार उतरतो आणि जीभ सुटते. तुमच्या वर्गाच्या पातळीला मिनिटं फार होतील, सेकंद घ्या: ६०, ४५, ३०. वर्गात समोरासमोर दोन रांगा करायच्या आणि दर फेरीला एक रांग एका जागेने सरकवायची. तीन फेऱ्या, मधला वेळ धरून पाच-सहा मिनिटांत होतं. घरी जाऊन तीच गोष्ट फोनला सांगायची. म्हणजे फोनसमोरचा प्रयत्न चौथा असतो, पहिला नसतो.

फोनवर तीनदा रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, पहिले दोन खोडायचे, तिसरा पाठवायचा. स्वतःचा आवाज ऐकताना मुलं निम्म्या चुका आपणच पकडतात. कागदावरून वाचायची परवानगी नाही, तळहातावर तीन शब्द लिहिले तर चालतील. मर्यादा ४५ सेकंद, आणि ती वरचीच. कोणी २० सेकंद पाठवले तर तेही पूर्ण मानायचे.

रेकॉर्डिंगच्या बारीक गोष्टी: बहुतेक फोनचा माइक खालच्या कडेला असतो आणि स्वस्त कव्हर ते भोक झाकतं, म्हणून कव्हर काढून बोलायचं. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'ब'चा फुत्कार माइकवर आदळत नाही. पंखा थेट डोक्यावर नको.

तुमच्या वेळेचा हिशेब करू, कारण शिक्षकाचा उत्साह आधी संपतो आणि मुलांचा नंतर. ३४ जणांचे ४५ सेकंद म्हणजे साडेपंचवीस मिनिटं नुसतं ऐकणं. उत्तरं धरली तर तासाच्या वर. हे रोज होणार नाही आणि दोन आठवड्यांत तुम्ही ऐकणं सोडाल. ज्या दिवशी आपलं कोणी ऐकत नाही हे मुलांना कळतं, त्या दिवशी पाठवणं थांबतं. म्हणून तीन तुकड्या करा. वर्गाच्या दिवशी ११-१२ जणांनीच पाठवायचं, ऐकायला नऊ मिनिटं. प्रत्येकाला १५ सेकंदांचं आवाजी उत्तर द्या. त्यात दोनच गोष्टी: काय नीट कळलं ते नेमकं सांगा, आणि एकच दुरुस्ती. 'व्हेरी गुड'ने काही हाती लागत नाही. 'तुझ्या भावाच्या दुकानाचं सगळं कळलं. फक्त येस्टरडे म्हटलंस की गोचं वेंट कर आणि तेवढंच वाक्य परत पाठव.' ते एक वाक्य परत आलं की त्या दिवसाचं काम झालं. पाच चुका सांगितल्यात तर एकही सुधारणार नाही आणि पुढच्या आठवड्यात मेसेजही येणार नाही.

उच्चारांसाठी फोनचं व्हॉइस टायपिंग वापरण्याची पद्धत पडली आहे, तिथे सावध राहा. ते यंत्र वाक्याचा संदर्भ लावून शब्द ओळखतं. मुलाने 'व्हाइन' (वेल) आणि 'वाइन' (दारू) एकसारखं म्हटलं तरी 'ड्रिंक' शब्द शेजारी असल्याने ते बरोबरच टाइप करतं आणि मुलाला वाटतं की उच्चार जमला. उलट एकटाच शब्द म्हटला की यंत्र नेहमीचा शब्द उचलतं आणि बरोबर म्हणणाऱ्यालाही चूक ठरवतं. आपल्या द्राक्षपट्ट्यात ही जोडी तर रोजची. मराठीत लिहिताना आपण 'व' आणि 'व्ह' वेगळे करतो, पण बोलताना दोन्ही जवळपास एकच होतात. 'व्हाइन'साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. 'वाइन'साठी ओठ शिट्टीसारखे गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. याची परीक्षा माणसाकडून घ्या. टेबलावर दोन चित्रं ठेवा, वेल आणि बाटली. एकाने शब्द म्हणायचा, दुसऱ्याने पाठ करून ऐकायचं आणि मग चित्रावर बोट ठेवायचं. दहापैकी आठ वेळा बोट बरोबर पडलं की पुढची जोडी. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याचा इथे आरशासारखा छान उपयोग होतो, दात टेकतात की नाही ते ज्याचं त्याला दिसतं.

---

पंचवटीकर:

एक छोटा मतभेद. वेगाची स्पर्धा सगळ्यांनाच नकोशी असते असं नाही. पाळीवरून थकून आलेली मुलं पहिल्या दहा मिनिटांत झोपाळलेली असतात आणि एक वेगवान फेरी त्यांना जागं करते. फक्त ती नवीन धड्यावर घेऊ नये, सगळ्यांना पक्कं येतं त्यावर घ्यावी: आकडे, वार, वेळ, पत्ते. प्रोजेक्टरवर घड्याळ दाखवायचं आणि सगळ्या वर्गाने एका सुरात 'इट्स अ क्वार्टर टू सेव्हन'. फोन, गुण, इंटरनेट काहीच लागत नाही.

---

सायंवर्ग_सातपूर:

खूप आभार. ग्रुपवर नंबर दिसण्याचा मुद्दा मुलींच्या बाबतीत तंतोतंत पटला. दोन गोष्टी राहिल्या. चॅटजीपीटीचं काय करायचं? नकलेची तपासणी करणारी साधनं वापरावीत का? आणि ज्यांना घरातला फोन रात्री नऊनंतर मिळतो, त्यांनी शब्दांचा सराव कसा करावा?

---

लेखणी_नाशिकरोड:

तपासणीची साधनं वापरू नका. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात साधनांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध दिले. माणसांनी लिहिलेले असूनही सरासरी निम्म्याहून अधिक निबंधांना यंत्राचं लेखन ठरवलं गेलं. कारण सरळ आहे: ही साधनं साध्या, अपेक्षित शब्दरचनेवर संशय घेतात आणि शिकणाऱ्याचं इंग्रजी तसंच असतं. प्रामाणिक मुलावर एकदा आळ आला की तो तुमच्यासाठी पुन्हा लिहिणार नाही.

नक्कल होते ती बहुधा काम घरी दिल्यामुळे आणि चुकांना गुण कापल्यामुळे. पहिला खर्डा वर्गात, वहीत, पेनने, आठ मिनिटांत लिहून घ्या. पाच ओळी झाल्या तरी पुरे. त्या पानावर तारीख घालून फोटो काढा. घरी जे करायचं ते या पाच ओळींवर. आणि चॅटजीपीटीला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवून द्या, मराठीतच. मी साधारण असा मजकूर सुचवेन:

'खालच्या ओळी मी लिहिल्या आहेत. मी इंग्रजी शिकतो आहे. ओळी दुरुस्त करून देऊ नकोस. अर्थ चुकेल अशा जास्तीत जास्त दोन ओळी दाखव आणि प्रत्येकीबद्दल एक इशारा मराठीत दे. मी दुरुस्त करून पाठवल्यावर बरोबर की चूक एवढंच सांग.'

तरीही ते कधी कधी सगळा परिच्छेद नव्याने लिहून देतं. तेव्हा 'दुरुस्ती नको, फक्त इशारा' असं पुन्हा लिहायचं हे मुलांना आधीच सांगून ठेवा. दुसरा धोका असा की दोन चुका मागितल्या तर दोन काढून दाखवण्यासाठी ते बरोबर वाक्यालाही चूक म्हणतं. म्हणून 'जास्तीत जास्त' हा शब्द गाळू नका आणि इशारा पटला नाही तर ती ओळ वर्गात आणायची असा नियम ठेवा. यंत्राची चूक वर्गात पकडली गेली तर उत्तमच, पकडणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो.

वर्गात पुढे काय? पहिला खर्डा आणि सुधारलेला खर्डा शेजारी चिकटवायचे, आणि काय बदललं, का बदललं हे ३० सेकंदांत तोंडी सांगायचं. कोणी उतारा आणलाच तर रागवायचं कारण नाही. वही मिटवून त्यातले दोन प्रश्न विचारा, तेवढ्यात सगळं समजतं.

वयाचंही पाहा. ही सेवा १३ वर्षांखालच्यांसाठी नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ खालची व्यक्ती बालकच आहे. बारावी नुकती झालेल्यांत १७ चे कोणी असतील. त्यांच्यासाठी घरच्यांची लेखी संमती घ्या, आणि मुलांनी तिथे पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर टाकू नये हे पहिल्याच दिवशी सांगा.

शब्दांसाठी फोनची वाट पाहायला नको. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड हे शब्दकार्डांच्या उजळणीचं ॲप मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं, पण त्यात दिवसाला २० नवीन शब्द आधीपासून ठरलेले असतात. ते पाचवर आणा, नाहीतर चार दिवस चुकले की उजळणीचा डोंगर साठतो आणि मूल ॲपच काढून टाकतं. फोन नसेल तर जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांची कागदी पेटी १९७० च्या दशकापासून हेच काम करते. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे. पहिला रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलं तर पुन्हा पहिल्यात. कार्डावर एकटा शब्द नको. पुढे मराठी वाक्य, मागे इंग्रजी वाक्य, आणि ते वाचण्याआधी मोठ्याने म्हणायचं. 'आयुष्यात उपयोगी पडतील' असे शब्द तुम्ही निवडू नका, दर आठवड्याला दहापैकी सहा शब्द मुलांनी आपापल्या कामातून आणायचे.

---

खडूफळा:

हा शेवटचा मुद्दा मला पुढे न्यावासा वाटतो, कारण साधनं कितीही नीट बसवली तरी 'कशासाठी' याचं उत्तर मुलांच्या डोळ्यांपुढे लागतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक झोल्टान डॉर्न्ये यांनी २००५ मध्ये मांडलं की भाषा शिकणाऱ्याच्या मनात ती भाषा बोलणारा भावी 'मी' स्पष्ट दिसत असेल तर तो टिकतो. लोक काय म्हणतील म्हणून जो 'मी' उभा केला जातो, त्याच्या जोरावर फार लांब जाता येत नाही. 'इंग्रजी ही जगाची भाषा' या वाक्याने कोणालाच स्वतःचं चित्र दिसत नाही. चित्र बारीक हवं आणि नाशिकचं हवं.

अंबडला सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर उभा राहणारा मुलगा रोज पडद्यावर इंग्रजी इशारे वाचतो: कूलंट लेव्हल लो, डोअर नॉट क्लोज्ड. त्याचं काम पाळी बदलताना तीन वाक्यं बोलण्याचं: 'द कूलंट लेव्हल वॉज लो. आय टॉप्ड इट अप ॲट फोर. प्लीज चेक इट अगेन.' भूतकाळ, उपपद, विनंती, सगळं यात आलं. दिंडोरीच्या मुलीला घरच्या द्राक्षांची निर्यात समजावून सांगता येईल: घड छाटणं, अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डबीत, भरणं, पाच किलोच्या खोक्यात दहा पनेट, मग पूर्वशीतकरण, म्हणजे पाठवण्याआधी माल थंड करणं. ही क्रमाची भाषा आहे, फर्स्ट, देन, आफ्टर दॅट. हॉटेलात काम करू इच्छिणाऱ्याने सिंहस्थात परप्रांतातून आलेल्या कुटुंबाला नाशिकरोड स्टेशनवरून रामकुंडापर्यंत कसं जायचं ते सांगायचं. कोणाला पांडवलेणीची २४ लेणी दाखवणारा वाटाड्या व्हायचं असेल तर तो पायऱ्यांपासून सुरुवात करेल. विषय ज्याचा त्याने निवडायचा, तुम्ही फक्त लांबी आणि रचना ठरवा.

तंत्रज्ञान इथे अगदी साधं पुरतं. स्वतः काढलेले सहा फोटो, प्रत्येकावर दहा सेकंदांचा आवाज, एकूण एक मिनिट. फोनच्या गॅलरीतलं व्हिडिओ संपादन किंवा सादरीकरणाचं कुठलंही मोफत ॲप चालेल. चेहरा दाखवायची सक्ती नको, मुलींसाठी तर नकोच. कारखान्याच्या आत फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, तिथे वहीत चित्र काढून त्याचा फोटो घ्यायचा. शुक्रवारी तीन फिती प्रोजेक्टरवर लावा. ऐकणाऱ्यांनी प्रत्येकी एक प्रश्न इंग्रजीत विचारायचा आणि फीत करणाऱ्याने उत्तर द्यायचं. टाळ्यांपेक्षा तो प्रश्न मोलाचा, कारण आपलं इंग्रजी कोणाला तरी कळलं याचा तो पुरावा असतो. फितीत संगीत टाकू देऊ नका, आवाज त्याखाली दबतो आणि संध्याकाळ संगीत निवडण्यात जाते.

---

सायंवर्ग_सातपूर:

म्हणजे माझ्या तीन दिवसांची घडी अशी बसते: सोमवारी कार्डांचे पाच प्रश्न आणि शेजाऱ्याला पटवणं, बुधवारी ६०-४५-३० आणि पहिला खर्डा, शुक्रवारी दहा प्रश्नांची जुनी-नवी क्विझ आणि तीन फिती. आवाज तिन्ही दिवशी एकेका तुकडीचा. हे चालतंय की नाही ते कसं ओळखायचं? परीक्षा घेतली की मुलं पुन्हा गप्प होतात.

---

ध्वनिमुद्रा:

परीक्षा नको. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं एक रेकॉर्डिंग घ्या, विषय 'माझा कालचा दिवस', ४५ सेकंद, तयारीला एक मिनिट. सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात तोच विषय, तोच वेळ. तीन गोष्टी मोजा: एकूण शब्द, दोन सेकंदांहून लांब थांबे, आणि बरोबर आलेली भूतकाळाची क्रियापदं. शब्द मोजायला व्हॉइस टायपिंगचा मजकूर वापरता येतो, पण थांबे कानानेच मोजावे लागतात. सहाव्या आठवड्यात पहिलं आणि ताजं रेकॉर्डिंग त्या मुलाला एकट्याला ऐकवा. काही बोलू नका, आधी त्यालाच विचारा काय फरक वाटतो.

आणि एका आकड्यावर रोज नजर ठेवा: त्या दिवशीच्या तुकडीतल्या १२ पैकी किती आवाज आले. सलग दोनदा आठच्या खाली गेला तर मुलांना बोल लावण्याआधी दोन गोष्टी तपासा: विषय फार मोकळा होता का, आणि मागच्या वेळी तुमची उत्तरं वेळेत गेली होती का. बहुतेक वेळा दुसरं कारण असतं.

---

पेठरोड_इंग्रजी:

कार्डांचं राहिलं होतं. ए-फोर कागदावर एका पानात दोन कार्डं बसतात, ३४ जणांना १७ पानं. जाड कागद नसेल तर लग्नपत्रिकांचे पुठ्ठे चालतात. मागच्या बाजूला मुलाचा क्रमांक ठळक लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच सोमवारी कार्डांची अदलाबदल होईल आणि नोंदी भलत्याच नावावर जातील.